असूड जिथे थांबला

आजचा भाग ‘दीनबंधू’विषयी, आणि थोडासा माझ्या स्वतःच्या लबाडीविषयीही.

कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात हे पत्र काढले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. लोखंडे यांनी स्वतः कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केले होते; भोंगा, दंड, थकलेला पगार हे त्यांना कुणी येऊन सांगायला नको होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. कामगारांचा पुढारी आणि पत्राचा संपादक एकच! आज कुणी यास पक्षपात म्हणेल. मला तोच त्या पत्राचा प्राण वाटतो. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली.

एम.ए.च्या पहिल्या चर्चासत्रात मी निबंध येथेच संपवला. टाळ्या मिळाल्या. मात्र माझ्या टिपणवहीतले एक पान मी मुद्दाम मागे ठेवले होते.

जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले दोन भाग याच ‘दीनबंधू’ने छापले आणि पुढचे छापणे थांबवले. जोतीरावांचा संताप त्यांच्या ग्रंथातच उमटला आहे. सरकारी अंमलदार आणि भटशाही या दोहोंवर कोरडे ओढणारा तो मजकूर होता. १८८२ मध्येच कोल्हापूर प्रकरणी टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले होते, आणि त्यांच्या जामिनासाठी सत्यशोधक मंडळींनीच धाव घेतली होती. संपादकास तुरुंग किती जवळ असतो, हे लोखंड्यांनी पाहिलेले होते. हे कारण ठरले, असे मी ठामपणे म्हणत नाही. पण तो काळ ध्यानात घेतल्यावाचून त्यांना भित्रे ठरवणे मला जमत नाही.

ते पान मी का लपवले? मला निष्कलंक नायक हवा होता. माझे आजोबा गिरणीत होते. रविवारी ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसत. त्या सदऱ्याचे ऋण फेडताना मी इतिहासातला निम्मा भाग कापला.

प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात ते पान आता परत घातले आहे, दुसऱ्या प्रकरणात, परळच्या सभेच्या अगदी आधी.