मखरातील गायक

जमैकाचे प्रख्यात रेगे-गायक बॉब मार्ले यांच्या जीवनावरील ‘वन लव्ह’ हा २०२४ सालचा बोलपट आम्ही मोठ्या उत्कंठेने पाहिला. परंतु आमची निराशा झाली. १९७६ च्या डिसेंबरात मारेकऱ्यांच्या गोळीने जखमी होऊनही दोनच दिवसांनी ते गावयास उभे राहिले, हे धैर्य त्यात आहे. परंतु ट्रेंचटाउनच्या दरिद्री वस्तीत जो हिग्ज यांच्यापाशी त्यांनी मित्रांसह गळा तयार केला, त्या तपश्चर्येस फारसे स्थान नाही. निर्मात्यांत त्यांची पत्नी व मुलेही आहेत. म्हणूनच की काय, भक्ती फार, माणूस थोडा. विद्यार्थिमित्रहो, मखरात बसविलेल्या थोर पुरुषास हात जोडता येतात. त्याच्यापासून धडा घेणे कठीण होय.