देवाला द्यायची चाके

धावत्या गाडीखाली माणूस सापडून मेला, तर गाडी आणि घोडे, सगळे जप्त. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना पडून मेला, तर तेवढे एक चाक. जुन्या इंग्रजी कायद्यात अशा वस्तूला डिओडँड म्हणत. शब्द लॅटिनमधून आलेला. अर्थ 'देवाला द्यायचे ते'. जीव घेणारी वस्तू राजाकडे जाई आणि राजाने ती धर्मकार्याला लावावी, अशी अपेक्षा असे.

उधळलेला घोडा.

शिंगावर घेणारा बैल. बायबलमध्ये अशा बैलाला दगडांनी मारण्याची आज्ञा आहे. जुने कायदेपंडित तिचा दाखला देत.

पाणचक्कीचे चाक.

होडी, पण गोड्या पाण्यातली. समुद्रावर हा नियम चालत नसे.

सुरा, तलवार. खुनाच्या आरोपपत्रात हत्याराची किंमत लिहायची रीत यामुळेच होती.

मालकाची चूक होती का, हा प्रश्नच नसे. अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरची ज्युरी वस्तूची किंमत ठरवी आणि मालक तेवढे पैसे भरी. मालकाची कीव येऊन ज्युरी पुष्कळदा ती कमीच लावी. पैसे राजाकडे, नाहीतर तसा हक्क मिळालेल्या जमीनदाराकडे जात. मेलेल्याच्या घरच्यांचा त्यावर काहीच हक्क नसे, आणि या कायद्यातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट हीच. त्यात १८०८ च्या एका निकालाने ठरवून टाकले होते की, माणूस दगावल्याबद्दल दिवाणी भरपाई मागता येत नाही. जखमी जगला तर दावा, मेला तर काही नाही.

मग रेल्वे आली. २४ डिसेंबर १८४१ च्या पहाटे रेडिंगजवळ सॉनिंगच्या खिंडीत पावसाने दरड कोसळली आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी तिच्यावर आदळली. उघड्या, बुटक्या कडांच्या डब्यांत गरीब उतारू होते. लंडनला पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे पाथरवट त्यांत होते, नाताळसाठी घरी निघालेले. आठ जण जागीच गेले, एक नंतर. ज्युरीने इंजिन आणि डब्यांवर १००० पौंडांचा डिओडँड लावला. चाकाचे, घोड्याचे मोल करणारा कायदा आता इंजिनाचे मोल करू लागला आणि रेल्वे कंपन्यांना तो जाचू लागला.

१८४६ मध्ये पार्लमेंटने डिओडँड रद्द केला. त्याच साली लॉर्ड कॅम्पबेल यांच्या कायद्याने मृताची बायको, नवरा, मुले आणि आईवडील यांच्यासाठी भरपाई मागण्याची सोय झाली. हे योग्यच झाले. पण आता समोरच्याची चूक सिद्ध करावी लागे. पावसाने दरड कोसळली, तर पाथरवटाच्या विधवेने कोणाची चूक दाखवायची? जुन्या कायद्याने पैसा चुकीच्या हाती दिला, पण अपघाताचा भार वस्तूच्या धन्यावर टाकला होता. ते तत्त्व टिकवून पैसा घरी पोचवणे शक्य होते. ते केले नाही, हा मोठा अन्याय होता.

कॅम्पबेल यांचा तो कायदा मुंबई-ठाणे गाडी सुरू झाल्यावर दोन वर्षांनी, १८५५ मध्ये, हिंदुस्थानातही आला, चूक सिद्ध करण्याच्या अटीसकट. चूक सिद्ध न करता मृताच्या घरच्यांना ठरावीक रक्कम देणारे कलम आपल्या मोटार वाहन कायद्यात १९८२ मध्ये आले. रक्कम होती पंधरा हजार रुपये.