पणजीची फाईल

माझ्या सासूबाईंचं माहेर स्कॉटलंडमधल्या पर्थशरचं. घराण्याची वंशावळ पुरी करायचा त्यांना जुना ध्यास आहे आणि लग्न होऊन इथे आल्यापासून त्या कामात मी त्यांची जोडीदार. स्कॉटलंडमध्ये 1855 पासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सक्तीनं नोंद होते. लग्नाच्या एका दाखल्यावर दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं मिळतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. त्यामुळे सासूबाईंच्या पणजीपर्यंत आम्ही विनासायास पोचलो. तिचं लग्न 1866 मधलं. त्याआधी ती कुठे होती हे बघायला आम्ही 1861 ची जनगणना काढली. 7 एप्रिलच्या रात्री कोण कुठल्या छपराखाली होतं, याची ती मोजदाद. नाव तेच होतं. वय जुळलं, जन्मगाव जुळलं, शेतावरची मोलकरीण हा धंदाही जुळला. पत्ता मात्र पर्थच्या जनरल प्रिझनचा होता.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "काय केलं असेल तिनं?"

पर्थचा तुरुंग नेपोलियनच्या युद्धात पकडलेल्या फ्रेंच सैनिकांसाठी 1812 मध्ये बांधला गेला आणि 1842 पासून तो साऱ्या स्कॉटलंडचा मध्यवर्ती तुरुंग झाला. लांब मुदतीचे कैदी तिथे पाठवत. तुरुंग आजही चालू आहे, पण जुनी रजिस्टरं एडिनबरात, नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला वेलिंग्टनच्या घोड्यावरच्या पुतळ्यामागे जी घुमटाची इमारत दिसते, तीच ही. रॉबर्ट ॲडमनं आखलेली, पायाभरणी 1774 ची. कागद आधी मागवून ठेवावे लागतात आणि आत फक्त पेन्सिल चालते. तुरुंगांची रजिस्टरं 'एचएच 21' या मालिकेत आहेत. कुणाला असा शोध घ्यायचा असेल तर एक गोष्ट सांगून ठेवते: स्कॉटलंडच्या कोर्टकचेरीत विवाहित बाईचं नाव माहेरचं आणि सासरचं, अशा दोन्ही आडनावांनी लिहीत, म्हणून दोन्हीकडून शोधायचं. आमची पणजी तेव्हा कुमारी होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

रजिस्टरातली तिची नोंद म्हणजे दोन पानांवर पसरलेली एक आडवी ओळ. वय 20. उंची 4 फूट 11 इंच. वाचता येतं, लिहिता येत नाही. प्रकृती ठीक. शिक्षा 12 महिने. कैद्यांचे फोटो काढून ठेवायचा कायदा 1871 मध्ये आला. पणजीचा एकही फोटो घरात नाही, त्यामुळे ती कशी दिसायची याबद्दल आम्हाला मिळालं ते एवढंच, तिची उंची. गुन्ह्याच्या रकान्यात लिहिलं होतं: गरोदरपण लपवणे.

या गुन्ह्यामागे मोठा इतिहास आहे. 1690 च्या कायद्यानं, बाईनं दिवस गेल्याचं लपवलं, बाळंतपणात कुणाला हाक मारली नाही आणि मूल मेलेलं सापडलं किंवा सापडलंच नाही, तर तिनं खून केला असं धरूनच चालत आणि तिला फाशी होऊ शकत होती. 1809 मध्ये तो कायदा गेला आणि लपवण्याला जास्तीत जास्त दोन वर्षं कैद ठरली. मात्र गुन्हा शाबीत व्हायला बाईनं शेवटपर्यंत गुप्तता राखलेली असायला हवी. कुणा एका माणसाला जरी तिनं सांगितलं असेल, तर खटला उभा राहत नसे.

रजिस्टरातून पुढची वाट सापडते ती लॉर्ड ॲडव्होकेटच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या मुख्य सरकारी वकिलाच्या कागदांत, 'एडी 14' मालिकेत. खटल्याआधी प्रोक्युरेटर फिस्कल, म्हणजे तिथला सरकारी वकील, साक्षीदारांचे जबाब घेई. त्याला प्रिकॉग्निशन म्हणतात. आरोपीच्या नावानं सूचीत शोध घेता येतो. पणजीचं नाव सापडलं. पुढे लिहिलं होतं, बालहत्या किंवा गरोदरपण लपवणे.

फितीनं बांधलेलं ते पुडकं सासूबाईंनीच सोडलं. घड्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की एकीनं कागद धरायचा आणि दुसरीनं वाचायचं. मालकिणीचा जबाब होता: तिला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिनं नाही म्हटलं. मालकाचा होता: गोठ्याशेजारच्या कोठीत ओटच्या पेंढ्याखाली ॲप्रनमध्ये गुंडाळलेलं मूल सापडलं. दोन डॉक्टरांचा अहवाल होता, कारण स्कॉटलंडच्या कायद्यात एकट्याच्या साक्षीवर कुणाला दोषी ठरवत नाहीत. आत्म्याला आणि विवेकाला स्मरून, अशा शपथेनं तो अहवाल दिलेला. फुप्फुसं पाण्यात टाकून ती तरंगतात का, हे त्यांनी पाहिलं होतं. मूल जिवंत जन्मलं की नाही, हे मात्र त्यांना खात्रीनं सांगता आलं नव्हतं.

मला सगळ्यात जड गेला तो दुसऱ्या मोलकरणीचा जबाब. ती 17 वर्षांची. दोघी स्वयंपाकघरालगत एकाच पलंगावर निजायच्या. ती म्हणते, मला काही कळलं नाही, तिनं मला काही सांगितलं नाही. फिस्कलनं पुन्हा विचारलं आहे, पुन्हा तेच उत्तर. एका पलंगावर, एका पांघरुणाखाली नऊ महिने! मला ते खरं वाटत नाही. ती पोर घाबरली असणार. माहीत होतं म्हटलं तर आपणही अडकू, नोकरी जाईल, असं तिला वाटलं असणार. मैत्रिणीला वाचवतोय असंही वाटलं असेल. "मला तिनं सांगितलं होतं" हे एक वाक्य ती बोलती, तर लपवण्याचा आरोप तिथेच मोडला असता. दोघींपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. कायदा जाणणारे सगळे टेबलाच्या पलीकडे बसलेले होते.

पणजीचं स्वतःचं निवेदन शेरिफसमोर, म्हणजे तिथल्या न्यायाधीशासमोर घेतलेलं आहे. लिहिलंय तृतीयपुरुषात, ती सांगते की असं झालं, ती सांगते की तसं झालं. ती सांगते की तिला दिवस कधी भरतात ते नीट माहीत नव्हतं. ती सांगते की मूल रडलं नाही. ती सांगते की बाप त्याच शेतावरचा नांगऱ्या, तो नोव्हेंबरात मार्टिनमसला दुसऱ्या शेतावर गेला. हे गडी सहा-सहा महिन्यांच्या कराराचे, मार्टिनमस आणि व्हिटसन आले की मालक बदलायचे. तिला लिहिता येत नाही, म्हणून खाली सही शेरिफची आहे. नांगऱ्याचा जबाब फाईलमध्ये नाही.

1860 च्या शरद ऋतूत पर्थच्या सर्किट कोर्टात ती उभी राहिली. लपवण्याचा गुन्हा तिनं कबूल केला, सरकारनं ती कबुली मान्य केली आणि बालहत्येचा आरोप सोडून दिला. त्यामुळे एकही साक्ष कोर्टात झाली नाही. प्रिकॉग्निशन हे सरकारी पक्षाचे खासगी कागद, आरोपीला ते दाखवत नसत. मालकीण काय म्हणाली, शेजारी निजणारी मैत्रीण काय म्हणाली, डॉक्टरांना किती शंका होती, यातलं काहीही पणजीला कधी वाचायला मिळालं नाही. तिला अक्षर वाचता येत होतं. डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं असतं तर तिनं काय केलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सासूबाईंच्या थोरल्या भावाला हे वंशावळीत नको आहे. "तिनं जे झाकून ठेवलं ते आपण का उघडायचं?" असं त्यांचं म्हणणं. त्यांची भावना मला कळते, पण पटत नाही. तिनं झाकलं ते भीतीपोटी, आणि भीती घालणारे आता कुणी उरलेले नाहीत. शिवाय प्रश्न तिचा एकटीचा नव्हता, तिला झालेल्या मुलीचाही होता. स्कॉटलंडमध्ये मृतजात मुलांची नोंद 1939 पर्यंत होतच नव्हती. त्या मुलीचा जन्माचा दाखला नाही, मृत्यूचा नाही. ती जगात आली होती याचा एकमेव कागद म्हणजे तिच्या आईवरचं आरोपपत्र आणि त्यामागचे हे जबाब.

भावाबहिणींचं फोनवर बरंच बोलणं झालं, थोडं कडवटही. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि वंशावळीत पणजीच्या मुलांच्या रांगेत, सगळ्यांच्या आधी, 'मुलगी, 1860' असं लिहिलं. आता आम्ही चर्चच्या किर्क सेशनची बुकं लावली आहेत. लग्नाविना मूल झालेल्या बाईला तिथे जाब द्यावा लागे. तुरुंगातून सुटून आल्यावर गावानं तिला कसं वागवलं, हे तिथे कळेल अशी सासूबाईंना आशा आहे, आणि त्या 17 वर्षांच्या मोलकरणीचं पुढे काय झालं, तेही मला शोधायचंय.