जुन्या मोटारीची जन्मतिथि

वस्तूवर आपलें नांव कोरणारा कारागीर त्या नांवाबरोबर कांहीं जबाबदारीहि पत्करीत असतो, असा आपल्याकडील जुना समज आहे. घंगाळास पोचा आला तर गांवचा तांबट तें पुन्हां ठोकून देत असे. "हें माझ्या आजानें केलें, मला ठाऊक नाहीं," असें म्हणून तो गिऱ्हाइकास परत लावीत नसे. मोटारींचे कारखानदार ही रीत कितपत मानतात, हें पाहण्याचा योग गेल्या चौदा महिन्यांत आम्हांस आला. वाचकांपैकीं कोणाच्या पडवींतहि एखादें जुनें वाहन उभें असेल, म्हणून तो वृत्तांत येथें देत आहों.

आमचे कै. काका रत्नागिरी जिल्ह्यांत डॉक्टरी करीत. १९५१ सालीं त्यांनीं एक विलायती मोटार घेतली व आडगांवच्या रोग्यांकडे तीस वर्षें तिच्यांतून जाणें-येणें केलें. त्यांच्या पश्चात् ती मागील पडवींत उभी राहिली. आज तिच्यावर आम्हां पांच भावंडांचा सामाईक हक्क आहे. गतवर्षीं एका भंगारवाल्यानें तिला मागणी घातली आणि घरांत दोन पक्ष पडले. तेव्हां आमचे वडील चुलतबंधु अण्णा, ज्यांचें वय आज ८६ आहे, एवढेंच म्हणाले, "ठेवा कीं विका, तें तुम्ही ठरवा, पण माझ्या डोळ्यांदेखत तिचे कागद नीट करा. बेकागदी वस्तु मागें ठेवणें म्हणजे पोरांना तंटा ठेवणें." आम्ही सेवानिवृत्त, काम ओघानेंच आमच्याकडे आलें.

कायदा या बाबतींत अनुकूल आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांकरितां स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेलें व मूळ स्वरूपांत राखलेलें दुचाकी वा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येतें. नवीन नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचें ५,०००. प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षें. नव्या क्रमांकांत 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. मात्र पूर्वीं नोंदलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखतां येतो. अशी गाडी प्रदर्शनास, रॅलीस, दुरुस्तीस वा इंधन भरण्यास रस्त्यावर नेतां येते. रोजच्या वापरास वा धंद्यास नाहीं.

आमची अडचण निराळी होती. नोंदणीपुस्तकास वाळवी लागून साल आणि चासीच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आंकडे नाहींसे झाले होते. गाडीवरील पट्टीवर क्रमांक स्पष्ट होता. पण पट्टी आणि पुस्तक एकाच गाडीचीं, हें ठरणार कसें? परिवहन कार्यालयांतील तरुण अधिकारी सौजन्यानें म्हणाले, "सर, या क्रमांकाची गाडी कोणत्या सालीं तयार झाली, एवढें कंपनीकडून लिहून आणा. बाकीचें मी पाहतों." मागणी रास्त होती.

कंपनी आजहि चालू आहे व तिच्या गाड्या आपल्या देशांत विकल्या जातात. तिला दूरध्वनि केला. नवी गाडी घेणें असल्यास एक दाबा, कर्जासाठीं दोन, दुरुस्तीसाठीं तीन. जुन्या गाडीची चौकशी करणाऱ्यास आंकडाच ठेवलेला नव्हता. संकेतस्थळावरील अर्ज भरूं गेलों, तों त्यानें चासीचा १७ अक्षरांचा क्रमांक मागितला. ही १७ अक्षरांची पद्धति अमेरिकेंत १९८१ पासून सक्तीची झाली. १९५१ च्या गाडीस ती कोठून असणार? आमचीं आठ अक्षरें घालतांच 'क्रमांक चुकीचा आहे' अशी तांबडी ओळ उमटे.

मग पत्र लिहिलें. "आपण आम्हांस अत्यंत मोलाचे आहां," असें उत्तर आलें आणि पुढें, ही चौकशी विलायतेंतील मुख्य कचेरीकडे करावी. मुख्य कचेरीनें कळविलें, ग्राहकानें आपल्या देशांतील कचेरीकडेच जावें. आपले शास्त्रकार यास घट्टकुटीप्रभातन्याय म्हणतात: जकात चुकविण्यासाठीं रात्रभर आडवाटेनें हिंडलेला गाडीवान पहाटे पाहतो, तों जकातनाक्याच्याच दारांत उभा! फरक इतकाच कीं, आम्ही जकात चुकवीत नव्हतों. ती भरावयासच निघालों होतों. सहाव्या पत्रानंतर 'आपलें प्रकरण निकालांत निघालें' असा संदेश आला, आणि सोबत, सेवेबद्दल पांचपैकीं किती तारे द्याल, ही पृच्छा!

याच कंपनीच्या शहरांतील दालनांत आमच्याच जातीच्या गाडीचें भलें मोठें छायाचित्र लावलेलें आहे व त्याखालीं परंपरेचा गौरव आहे. पितरांच्या नांवानें पंक्ति उठवावयाच्या, आणि त्यांची तिथि विचारली तर घरांत कोणासच ठाऊक नाहीं, असा हा प्रकार. बरें, काम अशक्य आहे असेंहि नाहीं. इंग्लंडांत वॉरिकशायरमधील गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालय कित्येक जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्यांवरून, शुल्क घेऊन, गाडीचें प्रमाणपत्र देतें.

आम्हांस मदत मिळाली ती विलायतेंतील त्या जातीच्या गाड्यांच्या मालकमंडळाकडून. तेथील एका वृद्ध गृहस्थांनीं कारखान्याच्या नोंदवहीची नक्कल जपून ठेविली आहे. त्यांचें उत्तर नवव्या दिवशीं आलें: गाडी फेब्रुवारी १९५१ मध्यें तयार झाली, रंग करडा, रवानगी मुंबई बंदराकडे. तें पत्र, काकांच्या कपाटांत सांपडलेल्या कराच्या पावत्या आणि पट्टीवरील क्रमांकाची पेन्सिलीनें घेतलेली छाप, हीं तिन्ही अधिकाऱ्यांनीं ताडून पाहिलीं व नोंदणी मंजूर केली. अण्णांनीं चष्मा लावून तो जुना क्रमांक मोठ्यानें वाचला. गाडी ठेवावी कीं विकावी, हें अद्याप ठरलेलें नाहीं. पण ठरेल तें उजळ माथ्यानें ठरेल.

एका निवृत्त माणसास नऊ दिवसांत जें जमलें, तें एवढ्या कंपनीस चौदा महिन्यांत जमूं नये, याचें कारण साधनांचा अभाव नव्हे. आलेलें पत्र शेवटपर्यंत वाचणें हें तेथें कोणाचेंच काम नव्हतें, एवढेंच. वाचकांस विनंती इतकीच कीं, घरांत जुनें वाहन असल्यास त्याचें नोंदणीपुस्तक आजच उघडून पाहावें, क्रमांक उतरून ठेवावा, कराची व विम्याची एकहि पावती टाकूं नये. आणि ज्यांस त्या वाहनाची हकीकत ठाऊक आहे अशीं वडील माणसें घरांत आहेत तोंवर ती त्यांच्याकडून लिहून घ्यावी.