यार-ए-वफादार

'सार्वभौम समानता' हा शब्द आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचतो आणि परीक्षा झाली की विसरतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत, दुसऱ्या कलमात तो आहे. सगळी सदस्य राष्ट्रं सार्वभौम म्हणून समान, दिलेला शब्द प्रामाणिकपणे पाळायचा, तंटे शांततेनं मिटवायचे, बळाची धमकी द्यायची नाही. वाचायला छान वाटतं. पण असं काही लिहून ठेवायची गरज का पडली असेल, हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. आमचा बुलढाणा जिल्हा पुरेसा आहे.

गोष्ट वऱ्हाडाची आहे. वऱ्हाड निजामाचा. इंग्रजांशी त्याचा मैत्रीचा तह, आणि त्याला किताबही 'यार-ए-वफादार', म्हणजे विश्वासू दोस्त. या दोस्ताच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून. पगार थकला की कंपनी स्वतः भरायची आणि निजामाच्या नावावर कर्ज मांडायची. शांततेच्या काळात अशी फौज पोसण्याची अट १८०० च्या तहात नव्हतीच. हे खुद्द डलहौसीलाही मान्य होतं! तरी १८५३ मध्ये त्याच कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. ज्यांच्या घरात सावकारीच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या आहेत, त्यांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगायला नको.

पुढचा भाग तर अस्सल सावकारी. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, म्हणून १८६० च्या तहात पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड नाही! कर्ज फिटलं, गहाण सुटलं नाही. वर अट अशी की निजामानं वऱ्हाडाच्या जमाखर्चाचा हिशेब मागायचा नाही, शिल्लक उरलीच तर ती त्याला मिळेल. का सोडतील हो? काळी जमीन, कापूस, आणि मँचेस्टरच्या गिरण्या. खामगावचा कापूस उचलायला जलंबहून रेल्वेचा छोटा फाटा काढला, तो १८७० मध्ये सुरू झाला.

सालारजंगानं वऱ्हाड परत मिळवण्यासाठी जन्म घालवला. अर्ज केले, १८७६ मध्ये लंडनलाही जाऊन आला. उपयोग शून्य. १९०२ मध्ये कर्झन हैदराबादेत आला, निजामाशी एकांतात बोलला आणि वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेऊन गेला. निजामाला जी.सी.बी. हा किताब मिळाला. लोकांनी त्याचा अर्थ लावला, 'गेव्ह कर्झन बेरार'. असो.

माझी आजी जालन्याकडची, लग्न होऊन देऊळगाव राजाच्या बाजूला आली. माहेराला ती शेवटपर्यंत 'मोगलाई' म्हणायची. तिकडे हाली सिक्का, इकडे कलदार रुपया. काही कोसांवर नाणं बदलायचं, कचेरी बदलायची. कागदोपत्री मात्र दोन्हीकडचा धनी एकच, निजाम. ज्याचा मुलूख त्याचंच नाणं त्यात चालत नव्हतं. आजीला यात काही विचित्र वाटत नसे. मला वाटतं.

तुम्ही म्हणाल, संस्थानिक आणि इंग्रज यांच्यातला मामला 'आंतरराष्ट्रीय' कसा? नेमकी इथेच खरी मेख आहे. १८५३ मध्ये तह झाला तो दोन सत्तांमध्ये, रीतसर सह्या-शिक्क्यांनी. पुढे उस्मान अली खाननं १९२३ पासून पुन्हा वऱ्हाड मागायला सुरुवात केली आणि या प्रश्नात आपण इंग्रजांच्या बरोबरीनं बोलू शकतो, असा दावा केला. त्यावर व्हाइसरॉय रीडिंगनं मार्च १९२६ मध्ये कळवलं की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी समान पातळीवर वाटाघाटी करण्याचा हक्क नाही. म्हणजे मुलूख घेताना तुम्ही राजे, परत मागताना आमचे अंकित! समानतेचं तत्त्व थेट मोडायची गरजच पडत नाही. समोरचा 'राष्ट्र'च नाही म्हटलं की काम झालं. १९३६ च्या करारात इंग्रजांनी वऱ्हाडावरचं निजामाचं सार्वभौमत्व मान्य केलं, युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवून घ्यायची मुभा दिली, आणि कारभार स्वतःकडेच ठेवला.

निजामाबद्दल मला फार कळवळा आहे असं समजू नका. या सगळ्या कागदांत मेहकर-चिखलीच्या शेतकऱ्याला कुणीच काही विचारलेलं नाही, दोन्ही बाजूंनी.

आणि इथे आपल्यालाही थोडं अवघड जातं. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादनं सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली, १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. आपली बाजू काय होती? हैदराबाद हे राष्ट्रच नाही, त्याला परिषदेत येण्याचा अधिकार नाही, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. युक्तिवाद रीडिंगच्या पत्रातला वाटतो ना? तरी मी या दोन्ही गोष्टी एका तागडीत घालणार नाही. १९४८ मध्ये रझाकारांचा धुमाकूळ होता, स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे उभी राहिलेली माणसं होती, हैदराबादच्या बहुसंख्य प्रजेला काय हवं होतं हे लपलेलं नव्हतं. कर्झनच्या मागे फक्त कापूस होता. पण हा फरक प्रजेकडे बघितलं तरच दिसतो. राष्ट्र कोण आणि कोण नाही एवढ्यावरच बोलत राहिलं, तर दोन्ही कागद सारखेच दिसतात.

१९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या ५२ व्या कलमानं बळाच्या किंवा बळाच्या धमकीच्या जोरावर करून घेतलेला तह रद्दबातल ठरवला. कर्जाचा तगादा लावून करून घेतलेल्या तहाचं काय, यावर ते कलम गप्प आहे. १९९४ मध्ये युक्रेननं अण्वस्त्रं सोडली, तेव्हा त्याच्या सीमांचा आदर करण्याचं वचन बुडापेस्टमध्ये सहीनिशी देणाऱ्यांत रशिया होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये फौजा घुसवण्याच्या तीन दिवस आधी पुतिन यांनी जे भाषण केलं, त्यात आधुनिक युक्रेन ही रशियानंच निर्माण केलेली गोष्ट आहे, असं सांगितलं होतं.