दोर स्वस्त, माणूस महाग

शनिवारी रात्री घरी फोन लावला तर आत्या म्हणाली, "तिनं मल्लखांब सोडला रे." म्हणजे माझ्या आत्तेबहिणीनं. पेठ वडगावात शाळेपासून ही पोरगी दोरीच्या मल्लखांबावर. जिम्नॅस्टिक्सच की ते, फक्त अधांतरी. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते. आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात (नाव नको) सगळ्या खेळांना मिळून एकच सर. सरावाला जावं तर हजेरी कमी, स्पर्धेला जावं तर सबमिशन चुकतं. जुने कोच पेट्रोलच्या पैशावर यायचे, तेही किती दिवस येणार?

मग काय, रविवारी एक्सेल उघडून बसलो. आयटीवाल्याला दुसरं काय सुचणार :)

अमेरिकेत युनिव्हर्सिट्यांचे मुलींचे जिम्नॅस्टिक्सचे संघ असतात. वरच्या श्रेणीत २०२५ पर्यंत एका संघाला १२ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यात. पगारी कोच, शिवाय अभ्यासावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस. सक्तीचा सराव आठवड्याला २० तासांच्या वर नाही आणि अभ्यासात मागे पडलात तर खेळणं बंद. बहुतेक ठिकाणी हा संघ तोट्यातच चालतो. तो तोटा भरून काढतो फुटबॉल! (आपला शाहू स्टेडियमवरचा नव्हे. त्यांचा तो, बॉल हातात घेऊन पळायचा.) तेही दानधर्म म्हणून नाही हां. १९७२ साली टायटल नाईन कायदा आला, मुलींना डावललं तर केंद्र सरकारचा पैसा बंद. अर्थात २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा झाली आहे, त्यामुळे छोट्या संघांचं कसं होणार ही धास्ती तिथेही आहेच.

आपल्याकडे दीपा कर्माकर २०१६ ला रिओत चौथी आली आणि परतल्यावर लगेच एमएच्या परीक्षेला बसली. आपण कौतुक केलं. मीही केलं. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण ते पदक हातात आल्यावर. तिथवरची वर्षं कुणाच्या खिशातून काढायची?

असो. एक्सेलमध्ये दोर, गाद्या, प्रवास, कोचचं मानधन असं मांडलं. दोर सगळ्यात स्वस्त निघाला. मानधनापाशी आकडा फुगला, तरी चार मित्रांनी मिळून दिलं तर जमेल असं वाटलं. संध्याकाळी तिला फोन केला.

"दादा, कोचचं तू बघशील रे," ती म्हणाली, "पण आमचं प्रॅक्टिकल पाचपर्यंत असतं. मग एसटी. त्याला काय करू?"

फाईल सेव्ह करून ठेवली आहे.