नऊ सोंगट्यांचा मान

आमच्या गोव्यात 'गो' म्हटले की समोर आई, बहीण नाहीतर शेजारीण असते. 'आई गो', 'बाय गो' हे आमचे रोजचे शब्द. त्यामुळे "मामा, मी गो खेळतो" असे भाच्याने फोनवर सांगितले तेव्हा घरात बरीच हसाहस झाली.

हा 'गो' म्हणजे पटावरचा खेळ. मूळ चीनचा, तिथे त्याला वेइची म्हणतात, कोरियात बादुक. गो हे नाव जपानी. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा. सोंगटी घरात ठेवायची नाही, रेघा एकमेकींना छेदतात तिथे ठेवायची. अशा जागा ३६१. ठेवलेली सोंगटी पुन्हा हलत नाही, पण शत्रूने चहूबाजूंनी वेढली तर उचलली जाते. शेवटी ज्याने जास्त मुलूख राखला तो जिंकला. नियम अर्ध्या तासात कळतात, खेळ कळायला आयुष्य लागते.

आमची ताई भावोजींच्या पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात गेली आणि स्विंडनला स्थिरावली. तिथे गोवेकर पुष्कळ. काही वर्षांपूर्वी मी रजा साठवून, परदेशी जायच्या परवानगीचे कागद टेबलाटेबलावरून स्वतः फिरवून, तिच्याकडे महिनाभर राहून आलो. भाचा तेव्हा चौदा वर्षांचा. त्याला मराठी समजे, पण उत्तर इंग्रजीत येई. माझे इंग्रजी फायलीपुरते. तेव्हा मामा-भाच्यांचे बोलणे 'जेवलास का' आणि 'येस' यापलीकडे जाईना. एका शनिवारी तो मला जवळच्या गावातल्या क्लबची एक दिवसाची स्पर्धा बघायला घेऊन गेला.

वाचकहो, स्पर्धा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मांडव, माईक आणि प्रमुख पाहुणे होते. इथे एक साधा हॉल, लांब टेबले, कोपऱ्यात चहाचे भांडे. तीसेक खेळाडू. शाळकरी मुले, पेन्शनर, एक आजीबाई. सकाळी एक, जेवणानंतर दोन, असे तीन डाव.

नाव नोंदवताना प्रत्येकाने आपली पायरी सांगायची. शिकाऊ माणूस साधारण तिसाव्या 'क्यू'पासून सुरू होतो आणि चढत पहिल्या क्यूपर्यंत येतो. त्यानंतर 'दान' सुरू होतात, ते हौशी खेळाडूंत सातव्यापर्यंत. नवखा माणूस आपली पायरी आपणच सांगतो. फुगवून सांगितली तर तिन्ही डाव हरायची पाळी, म्हणून सहसा कोणी फुगवत नाही.

जोड्या लावायची पद्धत मॅकमहॉन यांच्या नावाची. ली मॅकमहॉन हे अमेरिकेत बेल लॅबोरेटरीत काम करीत. या पद्धतीत सगळे शून्यापासून सुरू करीत नाहीत. ज्याची पायरी वरची त्याचे सुरुवातीचे गुण जास्त. डाव जिंकला की एक गुण वाढतो आणि सारख्या गुणांचे लोक समोरासमोर येतात. म्हणजे पहिल्याच फेरीत पहिलवानापुढे पोर पडत नाही.

पण छोट्या स्पर्धेत माणसे मोजकी, त्यामुळे कधी कधी फरक राहतोच. तेव्हा कच्च्या खेळाडूला काळ्या सोंगट्या मिळतात आणि त्यातल्या काही आधीच पटावर मांडून मिळतात. एका पायरीच्या फरकाला एक असा ढोबळ हिशेब. पुष्कळ स्पर्धांत त्यातून एक कमी करतात. जास्तीत जास्त नऊ. पटावर त्यासाठी नऊ ठिपकेच असतात. बरोबरीच्या खेळाडूंतही काळा पहिली चाल करतो, म्हणून पांढऱ्याला साडेसहा किंवा साडेसात गुण भरपाई. अर्धा गुण बरोबरी टाळण्यासाठी.

मला गंमत वाटली ती बक्षिसांची. पहिला आला त्याला बक्षीस मिळालेच, पण तिन्ही डाव जिंकलेल्या प्रत्येकाला मिळाले. त्यात पंधराव्या क्यूची एक मुलगी होती. टाळ्या दोघांना सारख्याच.

माझी नोकरी कारकुनाची. पायऱ्या मलाही ठाऊक आहेत. एल.डी.सी., यू.डी.सी., ज्येष्ठता यादी, तिच्यावरच्या हरकती. आमच्याकडे खालच्याने गप्प बसावे म्हणून पायरी दाखवतात. त्या हॉलमध्ये दोघांना एकाच पटावर बसता यावे म्हणून पायरी विचारत होते. फरक आहे हे आधीच मोकळेपणाने मान्य केले, की त्याचा हिशेब करून खेळ सुरू करता येतो. ही गोष्ट मला बी.ए.च्या कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती. २०२५ साली बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला. बाद फेरीची स्पर्धा, हरला तो घरी. तिथे ते योग्यच. पण गावच्या क्लबला मला ही दुसरी रीत जास्त शोभते असे वाटते.

त्या रात्री भाच्याने पट मांडला आणि म्हणाला, "मामा, नऊ घे." तीस वर्षांनी लहान पोराकडून सूट घ्यायची! घेतली. तरी हरलो. पण त्या डावात आम्ही दोन तास बोललो, अर्धे मराठी, अर्धे बोटांनी.

आता दर रविवारी आम्ही इंटरनेटवर खेळतो. माझ्या नऊच्या सात झाल्या आहेत. डाव संपला की आई येऊन बसते. तिला इंग्रजी येत नाही, आणि नातवाचा आवाज ऐकल्याशिवाय तिचा रविवार होत नाही. मराठीत तो अजून विसाव्या क्यूचा. लिंग चुकते, क्रियापद वाटेत हरवते. पूर्वी आम्ही सगळे हसायचो, आणि तो लगेच इंग्रजीवर जायचा. आता कोणी हसत नाही. आई सावकाश बोलते, सोपे शब्द घेते, तो शब्द शोधत असेल तर थांबते. गेल्या महिन्यात त्याने तिला त्यांच्या क्लबची सगळी स्पर्धा मराठीत सांगितली. वीस मिनिटे लागली. आईला खेळातले ओ की ठो कळत नाही, तरी तिने शेवटी विचारले, "मग जिंकलास मरे?"

"दोन जिंकली, आजी. एक हरली."

"पुष्कळ झाले," आई म्हणाली.